बी साइडचं चौथं गाणं

मी नंदूला फसवलं. नंदूने मला नाही.

ही दोन वाक्यं मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. बोलत आलो ते याच्या नेमकं उलट. पिंपळगाव बसवंतला माझं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. तिथे येणाऱ्या कुणालाही विचारा, व्यापाऱ्याला, टेम्पोवाल्याला, पेट्या भरणाऱ्या बायांना विचारा – दत्तूशेठना आयुष्यात पहिल्यांदा कुणी फसवलं? सगळे एका सुरात सांगतील : नंदूने. मित्र असून. कॅसेट पुसली आणि कबूल केलं नाही.

दर हंगामाच्या सुरुवातीला पॅकहाऊसमध्ये पूजा असते. पूजेनंतर जेवणं होतात, आणि जेवणं झाली की मी ही गोष्ट सांगतो. चांगली रंगवून सांगतो. लोक हसतात. शेवटी मी म्हणतो, “तेव्हापासून ठरवलं, माल स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवायचा नाही.” आणि क्रेटमधले वरचे घड बाजूला सारून तळाचा घड वर काढून दाखवतो. तळाशी काय आहे ते बघायचं – हा माझा धंद्याचा नियम. तेहतीस वर्षांत तो मी फक्त एकाच वस्तूच्या बाबतीत पाळला नाही.

सांगतो. पण माझ्या पद्धतीने सांगू द्या, कारण मला घाई केलेली खपत नाही.

मी दिंडोरीकडचा. शिकायला नाशिकला आलो तेव्हा पंचवटीत एका खोलीत राहायचो. नंदू जुन्या नाशकातला, माझ्याच वर्गात. तो कॉलेज सुटल्यावर मेन रोडच्या एका कॅसेटच्या दुकानात काम करायचा. तेव्हा अशी दुकानं होती – गिऱ्हाईक गाण्यांची यादी द्यायचं, दुकानदार कोऱ्या कॅसेटवर ती गाणी भरून द्यायचा. एक दिवस ओझरकडच्या कुणा साहेबांनी परदेशातून आलेली एक अस्सल कॅसेट दुकानात दिली. प्रत काढा, संध्याकाळी नेतो, म्हणाले. नंदूने त्यांची प्रत काढली आणि शेठला विचारून एक आपलीही काढली. पुढे त्या साहेबांची बदली झाली. म्हणजे अख्ख्या नाशकात ती गाणी बहुधा आमच्याकडेच उरली.

बँडचं नाव सांगत नाही. ज्याला जो आठवतो तो त्याने धरावा. चार केसाळ माणसं, दोन गिटारी, आणि असा आवाज की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, टेप बिघडला. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. इंग्रजी शब्द आम्हाला निम्मे कळायचे नाहीत. कळायची गरजही नव्हती. गावात कुणी मोठ्याने बोललं की मान खाली घालायची शिकवण मिळालेला मी – आणि हे लोक चाळीस मिनिटं नुसते मान वर करून ओरडत होते! नंदूने अस्सल कव्हर बघून कॅसेटच्या कागदावर बॉलपेनने काळा घोडा काढला होता. आम्ही त्या कॅसेटला घोडाच म्हणायचो.

कॅसेट एक, माणसं दोन. मग आम्ही पाळी लावली. आमच्याकडे सामाईक विहिरीच्या पाण्याला लावतात तशी – एक आठवडा त्याचा, एक माझा. रविवारी संध्याकाळी सहाला रविवार कारंज्याजवळच्या रसवंतीत भेटायचं, एकेक ग्लास रस प्यायचा आणि घोडा दुसऱ्याच्या हातात द्यायचा. एकही पाळी चुकली नाही. चरकाच्या घुंगरांचा आवाज आणि खिशातली कॅसेट हे माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहेत.

आता एक बारीक गोष्ट. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचे दोन चिमुकले तुकडे असायचे. ते मोडून टाकले की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नसे. नंदू पहिल्याच दिवशी ते मोडायला निघाला होता. मी त्याचा हात धरला.

“अरे, मोडू नको. उद्या मन भरलं तर दुसरं काही भरता येईल. कॅसेट वाया कशाला घालवायची?”

“ह्या गाण्यांनी तुझं मन भरणारे?” नंदू हसला. “दत्त्या, तू लग्नात अक्षता पण मोजून टाकशील.”

पण ऐकलं माझंच. त्याची चूक एवढीच – माझं ऐकलं.

या कॅसेटमध्ये नंदूसाठी खरी जागा एकच होती. बी साइडचं चौथं गाणं. त्याच्या सुरुवातीला एकटी गिटार वाजते, पाऊण मिनिट असेल. ड्रम नाही, गाणं नाही, एकच माणूस जणू स्वतःशी बोलतोय. मग सगळे एकदम कोसळतात. नंदू ते पाऊण मिनिट मागे घेऊन घेऊन ऐकायचा आणि मागून आणलेल्या गिटारीवर बसवायचा. नोटेशन वगैरे त्याला येत नव्हतं. कानाने, बोटं चुकत चुकत, त्याने निम्मं बसवलं होतं. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवणार होता. दुकानात काम करायचं ते त्यासाठीच – उरलेल्या वेळात शेठ त्याला तिथल्या मोठ्या टेपवर हवं ते ऐकू द्यायचा.

आणि मी? मला काय हवं होतं? मला बोलायला शिकायचं होतं.

हसू नका. आज माझा आवाज महामार्गाच्या पलीकडे जातो, पण तेव्हा मी चारचौघांत तोंड उघडलं की आवाज कापायचा. आदल्या वर्षी आमच्या प्लॉटवर द्राक्षं बघायला व्यापारी आला होता. वडिलांनी मला पुढे केलं, म्हणाले, पोरगं शिकलेलं आहे, तेच बोलेल. मी बोलायला लागलो आणि आवाज फाटला. व्यापारी मांडीवर थाप मारून हसला. “बाळा, आधी कंठ फुटू दे, मग भाव फोड!” त्याच्याबरोबरची माणसंही हसली. वडील पण हसले – ते मला जास्त लागलं. पुढच्या हंगामाला मी तयार असणार होतो. म्हणून खोलीचं दार लावून, टेपसमोर बसून, मी सौदा बोलायची तालीम करायचो. प्ले आणि रेकॉर्ड ही बटणं एकदम दाबायची, व्यापाऱ्याला ठणकावायचं, मग ऐकायचं, पुन्हा बोलायचं. त्यासाठी एक कोरी कॅसेट ठेवली होती. कंपनी तीच, रंग तोच.

कळलं ना?

त्या दिवशी टेपमध्ये घोडा होता. आदल्या संध्याकाळी मी तिसरं गाणं संपल्यावर बंद केला होता. मी न बघता बटणं दाबली आणि मिनिटभर मनसोक्त ठणकावलं. मागे घेऊन ऐकलं तर माझा आवाज, आणि त्याच्या शेपटाला, एकदम, ड्रम. ते पाऊण मिनिट गेलं होतं.

हा अपघात होता, आणि अपघातासाठी मी इथे लिहायला बसलेलो नाही. पुढे जे केलं ते डोकं ठिकाणावर ठेवून केलं.

आधी माझा आवाज नाहीसा करायचा होता. ती तालीम नंदूने ऐकली असती तर – नंदूची मला भीती नव्हती, त्याच्या हसण्याची होती. मी टेप पुन्हा चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला आणला, रेकॉर्ड दाबलं आणि श्वास रोखून गप्प बसलो. नुसती शांतता भरत राहिलो. अंदाजाने थांबवलं, कारण जास्त थांबलो तर पुढचं गाणंही खाल्लं जाईल. तपासून बघितलं नाही. ऐकायची छाती झाली नाही. रविवारी रसवंतीत कॅसेट नंदूला दिली, रस प्यालो, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि खोलीवर आलो.

मंगळवारी नंदू कॉलेजात भेटला. चिडलेला नव्हता. बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “दत्त्या, बी साइडचं चौथं ऐकलंस का रे या आठवड्यात?”

आज मला दिसतं की त्याने दार उघडं ठेवलं होतं. मी नुसतं आत यायचं होतं. मी काय केलं? आवाज चढवला.

“का? काय झालं? माझ्याकडे होती तोवर बरोबर होती!”

“सुरुवात गेलीये,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

त्या बघण्याने मी पेटलो. खोटं बोलताना येणारा राग खोटा असतो असं तुम्हाला वाटतं का? नसतो. खरा असतो. त्याच संध्याकाळी मी त्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं उभी होती, शेठ गल्ल्यावर होते. मुद्दाम तीच वेळ धरली – जो आधी ओरडतो त्याचं लोकांना खरं वाटतं, एवढा सौदा मला तोवर समजला होता. मी सगळ्यांसमोर ओरडलो की ह्याने माझी कॅसेट पुसली, ह्याला मशीन हाताळता येत नाही, आणि वर कबूल करत नाही. माझा आवाज कापला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. फाटला नाही, अडखळला नाही. तालीम कामी आली होती.

शेठनी चष्म्यावरून बघितलं. “काय रे नंदू? लोकांच्या कॅसेटी पुसतो तू?”

नंदूच्या शर्टाच्या खिशात घोडा होता. हाताशी दुकानातला मोठा टेप होता. त्याने कॅसेट काढली. ती दोन बोटांत धरून तो क्षणभर टेपकडे बघत उभा राहिला. मग काउंटरवरून माझ्याकडे सरकवली.

“घे. ठेव तुझ्याकडे.”

बस, एवढंच बोलला. त्याच आठवड्यात शेठनी त्याला काढलं. कॅसेटच्या दुकानात कॅसेट पुसणारा माणूस कोण ठेवणार? टेप गेला, गॅदरिंग गेलं. ते निम्मं बसवलेलं निम्मंच राहिलं. पुढे तो सातपूरला मोटार वाइंडिंगच्या कामाला लागला, आणि काही वर्षांनी त्याने तिथेच स्वतःचं छोटं दुकान टाकलं. हे मला माहीत होतं. माझ्या पॅकहाऊसच्या मोटारी जळतात तेव्हा मी त्या मुद्दाम दुसरीकडे पाठवतो. आणि मी त्या हंगामात प्लॉटवर त्याच व्यापाऱ्याशी सौदा बोललो, तो असा की वडील तोंडाकडे बघत राहिले. माझी सगळी चढती तिथून सुरू झाली. हे मी अभिमानाने सांगत आलोय. कुठून सुरू झाली ते मात्र चुकीचं सांगत आलोय.

हे सगळं मेलं होतं. ते जिवंत केलं माझ्या मुलीने.

ऋतुजा माझ्याबरोबर धंदा बघते. या वर्षी एका सकाळी नाशिकहून पिंपळगावला जाताना तिने गाडीत फोनवरून तोच अल्बम लावला. “पप्पा, सापडला. तुमचा घोडा.”

मी ऐकला. आता मी माल बघणारा माणूस, खोटं सांगणार नाही – अल्बम आठवणीत होता तेवढा मोठा नाही. ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात. गाणारा उगाच किंचाळतो. ए साइडला दोन गाणी निव्वळ भरीची आहेत, द्राक्षं असती तर मी पेटीतून काढून टाकली असती. पण ओझर मागे पडलं आणि ती एकटी गिटार सुरू झाली. पूर्ण. जशी होती तशी. तेहतीस वर्षं माझ्या डोक्यात तिथे भोक होतं, त्यातून ती पाऊण मिनिट वाजत राहिली. मी काच खाली केली. ऋतुजाला वाटलं, मला उकडतंय.

“पप्पा, ती नंदूने पुसलेली कॅसेट अजून आहे ना? ऐकू या की, कशी पुसलीये.”

होती. लोखंडी कपाटात, तळाशी. मी ती एकदाही लावली नव्हती, आणि फेकलीही नव्हती – का, ते मला विचारू नका. ऋतुजाने भद्रकालीतून एक जुना टेप दुरुस्त करून आणला. रविवारी सकाळी चहा घेऊन आम्ही बसलो. मी निर्धास्त होतो. शांतता असणार होती, आणि शांततेला कुणाचं नाव नसतं.

तिसरं गाणं संपलं. खट्ट असा आवाज आला. मग पंख्याची घरघर, लांबून भंगारवाल्याची हाळी. माझी पंचवटीतली खोली. बराच वेळ. आणि मग, ड्रम कोसळायच्या अगदी अलीकडे, एक कोवळा, घोगरा, ठासून बोलणारा आवाज :

“नाय दादा. ह्या भावात नाय जमायचं. तुमी दुसरा प्लॉट बघा.”

आणि ड्रम.

ऋतुजा खदाखदा हसली. “पप्पा! हा तर तुमचा –” आणि तिचं हसणं थांबलं. तिने टेप बंद केला. कप उचलले आणि आत गेली. लहानपणापासून ती गोष्ट ऐकत आलेल्या माझ्या मुलीने काहीच विचारलं नाही.

मी चार-पाच सेकंद आधी थांबवलं होतं. एवढंच. माझाच आवाज तळाशी पडून होता, आणि नंदूने तो पहिल्याच दिवशी ऐकला होता. त्याला सगळं माहीत होतं. दुकानात मी ओरडत असताना माझा खोटेपणा त्याच्या दोन बोटांत होता. एक बटण दाबलं असतं तर सगळं दुकान मला हसलं असतं.

तुम्हाला वाटेल, मला तेव्हा लाज वाटली. नाही. मला राग आला. नंदूचा! माहीत होतं तर गप्प का बसला? त्याने वाजवली असती तर माझी काय फजिती व्हायची ती एकदाच झाली असती, मिटलं असतं. गप्प बसून त्याने मला तेहतीस वर्षं खोटं बोलू दिलं. ही फसवणूक नाही तर काय? – हे मी खरंच असं बोललो, एकटाच, गाडीत, सातपूरच्या रस्त्यावर.

नंदू स्टूलवर बसून मोटारीच्या खाचांत तांब्याची तार भरत होता. केस गेलेले, चष्मा. बाकावर पंप घेऊन आलेले एक शेतकरी काका. नंदूने मला लगेच ओळखलं. “ये दत्त्या. बस.”

मी बसलो नाही. कॅसेट पुढे धरली. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग वाजवली का नाहीस? तिथल्या तिथे? टेप समोर होता तुझ्या!”

काका बघायला लागले. शेजारच्या दुकानातला माणूस दारात आला. आणि मला माझा आवाज ऐकू आला – मी पुन्हा नंदूच्या दुकानात, लोकांसमोर, नंदूवर ओरडत होतो.

नंदूने तार ताणून धरली, पकडीने सावकाश तोडली. “मला वाटलं, तूच येऊन सांगशील. दोन रविवार थांबलो रसवंतीत. दुसऱ्या रविवारी तर दोन ग्लास सांगून ठेवले होते.” मग थोडा हसला. “दोन्ही मीच प्यालो.”

काहीतरी द्यायचं म्हणून मी कॅसेट त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने ती उचलली, कव्हरवरच्या बॉलपेनच्या घोड्याकडे बघितलं आणि परत माझ्या हातात दिली.

“राहू दे तुझ्याकडेच. तुझा आवाज आहे त्यात.” आणि काकांकडे वळला. “काका, तुमची मोटार चारला घेऊन जा.”

मी माफी मागितली नाही. मागायला गेलोच नव्हतो, जाब विचारायला गेलो होतो. दोन रविवार मी चार पावलांवर होतो, पंचवटीत, खोलीचं दार लावून सौद्याची तालीम करत. तेव्हाही गेलो नाही आणि नंतरही गेलो नाही. गेलो तो पकडला गेल्यावर.

पुढच्या महिन्यात पॅकहाऊसची पूजा आहे. जेवणं होतील आणि कुणीतरी म्हणेल, शेठ, ती कॅसेटची गोष्ट होऊन जाऊ द्या. ज्यांनी ज्यांनी ती माझ्या तोंडून ऐकली आणि नंदूला हसले, त्या सगळ्यांना मी आज बजावून सांगतो – मला तिथे उभं करा. टाळ्या नकोत, हसणं नको. माझ्या मुलीसमोर, पेट्या भरणाऱ्या बायांसमोर, मोठ्याने एकच विचारा : दत्तू, कॅसेट कुणी पुसली? मी आवाज चढवला तर थांबा, माझं ओरडून होऊ द्या. मग पुन्हा विचारा. मी माझं नाव घेतल्याशिवाय मला खाली बसू देऊ नका.